दोन खणांचा डबा आणि आंटीची माडी

अन्याय झाला तो अंधेरी पूर्वेच्या एका गावठाणात राहणाऱ्या एकाहत्तर वर्षांच्या बाईंवर. गेल्या वर्षी, बांद्र्याची जत्रा संपल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता. एरवी मी ज्यांच्याविरुद्ध पत्रकं लिहिते त्यांच्यातल्या कुणी तो केला नव्हता. तो मी केला.

पुरावा देते. त्या सकाळी माझ्या खांद्याला कापडी पिशवी होती. पिशवीत पत्रकांचा गठ्ठा, पोस्टर चिकटवायचा ब्रश, मोरचूद घातलेल्या मैद्याच्या खळीचा स्टीलचा डबा, आणि या बाईंच्या घराण्याचे एकशे बेचाळीस फोटो. फोटो कागदाचे नव्हेत. चार महिन्यांपूर्वी मी ते बसून एकेक स्कॅन केले होते आणि तळहाताएवढ्या एका पोर्टेबल हार्डडिस्कवर ठेवले होते. खळीच्या डब्याचं झाकण सैल होतं. पुढचं सांगायला नको. पिशवीतून खळ गळायला लागली ते ती माझ्या चपलेवर पडल्यावर कळलं.

डिस्क दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याने ती उघडली, वास घेतला आणि म्हणाला, "मॅडम, याच्यात गुलाबजाम करत होतात काय?"

ते फोटो गेले म्हणजे नक्की काय गेलं, ते सांगते. ज्यांना मी आणि सगळी गल्ली आंटी म्हणते, त्या आंटींचं घर गावठाणातल्या जुन्या घरांपैकी. खाली ओटा, आत दोन खोल्या, वर लाकडी कठड्याची माडी. माडीचे वासे वाळवीने पोखरले होते म्हणून आंटींनी दुरुस्तीची परवानगी मागितली. परवानगीऐवजी नोटीस आली: माडी जुनी असल्याचा पुरावा द्या, नाहीतर ती बेकायदा समजून उतरवली जाईल. कागदोपत्री माडी कुठेच नव्हती. होती ती फक्त फोटोंत. लग्नाच्या मांडवामागे, बाप्तिस्म्याच्या बाळामागे, सुट्टीवर आलेल्या फौजी दिरामागे.

आणि ते मूळ फोटो आता आंटींकडे नव्हते. आंटींच्या सासूबाई जाऊन वर्ष झालं तेव्हाच्या मिसाला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, सगळं घराणं जमलं होतं. या घरांत त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या वस्तू आपसात वाटतात. कुणाला सोन्याची कुडी, कुणाला तांब्याचा हंडा. अल्बमची वेळ आली तेव्हा आंटींनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "पोरी, तुझ्याकडे सगळे आले ना? मग मी वाटते हां." आणि मी, तोंडात आंब्याच्या लोणच्याची फोड, म्हणाले होते, "बिनधास्त वाटा आंटी. सगळं सेफ आहे."

सेफ! एक डिस्क. तीही खळीशेजारी.

मी बोरिवलीची. या गावठाणाशी माझं नातं एवढंच की कॉलेजात असताना इथल्या घरांच्या दुरुस्तीसाठी लढणाऱ्या समितीचं एक पत्रक टाइप करून द्यायला गेले आणि तिथेच राहिले. समिती म्हणजे पाचसहा जण, आंटींचा ओटा आणि चहा. त्या सोमवारी ओट्यावर उभी राहून मी गुन्हा कबूल केला. आंटी ओरडतील या तयारीने गेले होते. त्या नुसत्या पिशवीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "खळ भिंतीला लावायची असते गो. फोटोंना नाय." मग आत जाऊन ओलं फडकं घेऊन आल्या आणि माझी चप्पल पुसायला लागल्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोटो परत गोळा करायचं काम त्याच दिवशी सुरू झालं. आंटींनी वही घेऊन एकेकाला फोन लावले. वसईची जाऊ म्हणाली, देते, पण स्कॅन करणारी ती मुलगी नको. मालाडच्या पुतण्याने मोबाईलवर असे फोटो काढून पाठवले की प्रत्येक फोटोत त्याचा अंगठा. मुलुंडच्या भाच्याने मात्र सगळं पुडकं आणून ओट्यावर ठेवला आणि वर दोन किलो चिकू. महिन्याभरात नव्वदच्या वर जमले. आता प्रश्न हा, की ठेवायचे कुठे?

समितीच्या बैठकीत मी ताठ म्हणाले, "ऑनलाइन ठेवायचे नाहीत. लोकांच्या घरांचे पुरावे कुणा परक्या कंपनीच्या हवाली करायचे, दर महिन्याला भाडं भरायचं, आणि भाडं चुकलं की आपलेच फोटो आपल्याला बंद? अजिबात नाही."

"मग पिशवीत ठेवू या," काका म्हणाले.

काका म्हणजे सांताक्रूझचे, एका मोठ्या कचेरीच्या रेकॉर्डरूममध्ये सगळी नोकरी काढून निवृत्त झालेले. समितीचं आवक-जावक रजिस्टर त्यांच्याकडे. आपल्या घरी आलेली लग्नपत्रिकासुद्धा नंबर टाकून फाइल करणारा माणूस. आंटी त्यांना तोंडावर रेकॉर्डसाहेब म्हणतात. ते मला पुढारी म्हणतात. दोन्ही टोमणेच आहेत.

मार्ग काढला तो चारकोपच्या दादाने. दादाचा तिथल्या औद्योगिक वसाहतीत स्टिकर आणि लेबलं छापायचा छोटा कारखाना आहे. आमची पोस्टरं तो उरलेल्या कागदावर छापून देतो. त्याच्या टेबलाखाली एक काळा डबा चोवीस तास चालू असतो. जुन्या पाव भाजायच्या टोस्टरएवढा. पुढे दोन खण, प्रत्येक खणात एक हार्डडिस्क. डबा वायफायच्या राउटरला वायरने जोडायचा की कारखान्यातल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून, मोबाईलवरून त्यातलं सगळं उघडतं. सगळे त्याला नॅस म्हणतात.

"मी मोठा घेतलाय, चार खणांचा. हा जुना रिकामाच पडलाय," दादा म्हणाला. "पंधरा दिवस घेऊन जा यार. वापरा, आपटा, शिव्या द्या. पसंत पडला तर ठेवा, नाहीतर परत आणा. दोन डिस्क आहेत. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप. एक मेली तरी दुसरी जिवंत. झकास काम."

एक मेली तरी दुसरी जिवंत! हे वाक्य मला इतकं आवडलं की परतीच्या रिक्षेत मी त्याचं पत्रक करून टाकलं मनातल्या मनात.

डबा आंटींच्या बैठकीच्या खोलीत, येशूच्या तसबिरीखालच्या शोकेसवर बसला. राउटर तिथेच होता. चालू केल्यावर आतून खरखर ऐकू यायला लागली, कुणी सुपात तांदूळ पाखडतंय तशी. आंटी म्हणाल्या, "रातचा आवाज करेल काय?" करायचा. मी वहीत लिहिलं: झोपायच्या खोलीत नको. दुसऱ्या दिवशी आंटींच्या मांजरीला शोध लागला की डब्याच्या डोक्यावर ऊब असते. ती तिथे पसरली आणि मागच्या पंख्याची जाळी केसांनी भरली. वहीत लिहिलं: उंचावर, मोकळ्या जागी, मांजरमुक्त. शोकेसवरून डबा कपाटावर गेला. मांजरही गेली. शेवटी आंटींनी डब्यावर उलटी टोपली ठेवली, काड्यांची, हवा खेळेल अशी.

पहिला वाद डबा चालू करतानाच झाला. त्याने स्क्रीनवर विचारलं, दोन्ही डिस्क मिळून एकच मोठी जागा करू, की दुसरीवर पहिलीची प्रत ठेवू? मी प्रत निवडली. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "म्हणजे दोन खण, दोन डिस्क, आणि जागा एकाचीच?"

"हो काका. दुसरी राखणीला."

"मग ठीक. आमच्याकडे राखणीच्या माणसाला बसायला जागाही देत नसत." मग त्यांनी डब्याच्या पुढच्या बाजूला बोट ठेवलं. "आणि हे बटण कशाचं?"

"ते आपल्याला नको."

"नको का? बटण दिलंय म्हणजे काहीतरी काम असणार."

"काका, प्लीज."

त्यांनी डब्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक उचललं आणि पिशवीत टाकलं. ते पुस्तक मी उघडलंही नव्हतं. पत्रकं लिहिणारी माणसं दुसऱ्याचं लिहिलेलं क्वचित वाचतात.

आता माझे तीन निर्णय सांगते. ते मी त्या पहिल्या दुपारी घेतले, तिन्ही तत्त्वासाठी घेतले आणि तिन्हींचा मला अभिमान होता.

एक. डब्याला मालक हवा होता. म्हणजे एक मुख्य खातं, ज्याला सगळं करता येतं, आणि बाकीच्यांना वेगवेगळी खाती: कुणाला फक्त बघता येईल, कुणाला नवीन टाकता येईल, पण काढता येणार नाही. मी म्हणाले, आपल्या समितीत कुणी साहेब नाही. सगळ्यांना एकच पासवर्ड, सगळ्यांना सगळे अधिकार.

"रेकॉर्डरूमची किल्ली सगळ्यांना दिली," काका म्हणाले, "तर मग तिला रेकॉर्डरूम कशाला म्हणायचं? बाग म्हण."

दोन. डब्यात कचरापेटीची सोय होती. काढून टाकलेली गोष्ट काही दिवस तिथे पडून राहते. मी ती बंद केली. आमच्यासारख्यांच्या कागदांत कोण कधी नाक खुपसेल सांगता येत नाही, तेव्हा पुसलं ते पुसलंच गेलं पाहिजे.

तीन. स्कॅन केलेला फोटो डब्यात गेला की माझ्या लॅपटॉपवरून काढायचा. सगळ्यांची गोष्ट एकाच्या मशीनवर राहता कामा नये.

बघा, काय दिसत होतं ते सगळं! समता, सावधपणा, सामायिक मालकी. पत्रकात छापलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या.

मग आठवडाभर मी डब्याची परीक्षा घेतली, आणि खरं सांगते, मजा आली. चालू डब्यातून एक डिस्क सरळ ओढून काढली. डब्याने असा काही भोंगा लावला की शेजारची तीन घरं ओट्यावर जमली. "गॅस गेला काय?" पण त्याच वेळी मोबाईलवर आंटींच्या लग्नातले फोटो आपले शांतपणे उघडत होते. डिस्क परत बसवली तर डब्याने दुसरीवरून सगळं पुन्हा उतरवून घ्यायला अख्खा दिवस घेतला. खरखर, खरखर. फोटो कॉपी होत असताना मेन स्विच बंद केला, तर तो एक फोटो अर्धाच उतरला, खाली करडी पट्टी. वहीत लिहिलं: बॅटरीचा बॅकअप हवा. वायफायवरून पूर्ण अल्बम चढवायला वेळ लागला, वायर लावून चहा संपायच्या आत. बोरिवलीच्या घरून उघडून बघितलं, उघडलं, पण कळलं की मधे कंपनीचा सर्व्हर लागतो. ती सोय तिथल्या तिथे बंद. आंटींच्या मोबाईलमध्ये डब्याचं ॲप टाकून दिलं. दुपारी जेवण झालं की आंटी आरामखुर्चीत बसून आपल्या दिवंगत नवऱ्याचे केस किती दाट होते ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या.

या आठवड्यातच तो फोटो आला.

आंटींची नणंद सिस्टर आहे, मिशनच्या एका शाळेत, फार आत, डोंगरात. तिच्या वाट्याला आंटींच्या लग्नाचा ग्रुप फोटो गेला होता. माडीचा सगळ्यात स्पष्ट फोटो तोच. वरच्या कठड्यावरून नऊ माणसं वाकून खाली बघतायत, आणि मागे स्टुडिओचा शिक्का आणि शाईने लिहिलेलं साल. सिस्टर दोन दिवसांसाठी आल्या. फोटो मागे ठेवायला मात्र तयार नव्हत्या. त्यात त्या स्वतः होत्या, तेरा वर्षांच्या, फ्रॉकमध्ये, गेलेल्या भावाचा हात धरून. "प्रत काढ," मला म्हणाल्या, "पण मी बघतेय हां तुझ्याकडे." खळीची बातमी डोंगरापर्यंत गेली होती.

शुक्रवारी दोन्ही बाजू स्कॅन केल्या. डब्यात टाकल्या. लॅपटॉपवरून काढल्या, तत्त्वाप्रमाणे. शनिवारी सकाळी सिस्टर फोटो घेऊन निघाल्या. त्यांच्या शाळेला पोचायला पावणेदोन दिवस लागतात आणि त्यांचा फोन बटणांचा. सुनावणी पुढच्या गुरुवारी होती. बुधवारी दादाकडे मोठा प्रिंट काढायचा ठरलं.

मंगळवारी सकाळी प्रिंटसाठी फोटो काढायला गेले. डबा उघडला. अल्बमचं फोल्डर होतं. आत काही नव्हतं.

फोल्डर बंद करून पुन्हा उघडलं. मग एक डिस्क काढून दुसरीत बघितलं. भोंगा वाजला. दुसरीतही काही नव्हतं. अगदी तंतोतंत तेवढंच काही नव्हतं.

"आंटी," मी म्हणाले, "काल कुणी हात लावला होता?"

"कुणी नाय गो. मीच जरा सफाई केली. मोबाईल भरला म्हणत होता ना सारखा. मग फोटो काढले त्याच्यातले. त्या डब्यात आहेत म्हटलं, मोबाईलमध्ये कशाला?"

"कुठून काढलेत? ॲपमधून?"

"तिथेच दिसतात ना सगळे." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. आणि हळू विचारलं, "त्याने विचारलं होतं काहीतरी. इंग्लिशमध्ये. मी ओके केलं. आपण सगळ्यालाच ओके करतो ना पोरी?"

आपण सगळ्यालाच ओके करतो. आंटींच्या मोबाईलमध्ये फोटो नव्हतेच कधी. त्या डब्यातलेच बघत होत्या, आणि डब्यातूनच काढून टाकले. कारण मी त्यांना सगळे अधिकार दिले होते. पहिल्या डिस्कने आज्ञा पाळली आणि दुसरीने त्याच क्षणी पहिलीची नक्कल केली. तिचं कामच ते. एक मेली तर दुसरी जिवंत राहते हे खरं. पण पहिलीला कुणी पुसायला सांगितलं तर दुसरीही पुसते, हे मला पंधरा दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं. मी डिस्क उपटली, वीज तोडली, मांजरीला वर झोपू दिलं. सगळ्या परीक्षा घेतल्या, फक्त माणसाची चूक सोडून. कचरापेटी बंद. लॅपटॉप कोरा. दुसऱ्यांदा तोच अन्याय, त्याच बाईवर, तीच गुन्हेगार, आणि या वेळी खळही नाही दोष द्यायला.

आंटी कपाटावरच्या टोपलीकडे बघत होत्या. "माडी जाईल काय गो?" एवढंच म्हणाल्या.

दादाला फोन केला. "ताई, पेटी बंद होती? मग वाट लागली," तो म्हणाला. "पण थांब. रेकॉर्डवाल्या काकांना विचारलंस का?"

"काकांना? ते काय करणार?"

"अगं, त्यांनी मला दोनदा फोन केला होता. पुढच्या बटणाचं विचारत होते."

काकांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येतो. चहा टाकायला सांग."

दीड तासाने आले. खादीच्या पिशवीतून रजिस्टर काढलं, ओट्यावर पसरलं. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. माहितीपुस्तक त्यांनी पहिल्या रात्रीच भिंग लावून पूर्ण वाचलं. अकराव्या पानावर चौकटीत लिहिलं होतं की दोन डिस्कवर एकच गोष्ट असणं म्हणजे वेगळी जपलेली प्रत नव्हे. ती तुम्हीच ठेवा. आणि ते बटण त्यासाठीच होतं. समोरच्या खाचेत साधी डिस्क लावायची, बटण दाबायचं, डब्यातलं सगळं तिच्यावर उतरतं. फक्त बनवणाऱ्या कंपनीकडून येताना ते उलट्या दिशेला, म्हणजे डिस्कवरून डब्यात, लावलेलं असतं, तेवढं दादाकडून फोनवर सरळ करून घेतलं.

"दर शनिवारी तुम्ही आलात की मी दाबत होतो," काका म्हणाले. "तू भाषण करत असायचीस."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू म्हणालीस, ते आपल्याला नको." त्यांनी चहा बशीत ओतला. "आमच्याकडे नियम होता. नक्कल मूळ कागदाच्या छपराखाली ठेवायची नाही. आग लागली, पाणी शिरलं, तर दोन्ही एकदम जायला नकोत. आता त्यात आंटींचाही समावेश करतो. डिस्क माझ्या मुलीकडे आहे, घाटकोपरला. लिफाफ्यात, नंबर टाकून."

मला एकच गोष्ट विचारायची होती आणि ती विचारायचं धाडस होत नव्हतं. आंटींनीच विचारली. "आमच्या लग्नाचा आहे काय त्यात? शुक्रवारी टाकलेला?"

काकांनी रजिस्टरवरून बोट फिरवलं. "जावक क्रमांक दोन. शनिवार, दुपारी साडेचार. हे बघा, मी फोटोंची संख्याही लिहितो. आदल्या शनिवारपेक्षा दोन जास्त. पुढची बाजू आणि मागची बाजू."

आंटी उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या. त्या बाटली घेऊन आल्या, घरी केलेल्या वाइनची. सकाळचे पावणेबारा वाजले होते.

"मी घेत नाही," काका म्हणाले.

"रेकॉर्डसाहेब," आंटी म्हणाल्या, "आज घ्यायची."

घेतली. अर्धी वाटी, औषधासारखी.

मी तेवढ्यात घाटकोपरला धावायला निघाले होते. काकांनी हाक मारली, "पुढारी, इकडे. आधी मागणी लिही. काय हवं, कशासाठी, कधी परत करणार. आणि सही." मी चिडले. सुनावणी परवावर आली आणि हा माणूस सह्या मागतो! लिहिलं. सही केली. त्यांनी शाई वाळेपर्यंत रजिस्टर उघडं धरलं. आज वाटतं, मला कुणी दिलेली सगळ्यात प्रेमळ शिक्षा तीच.

गुरुवारी सुनावणीला आम्ही चौघं गेलो. दादाने फोटो एवढा मोठा छापला होता की टेबलावरच्या दोन फायली बाजूला कराव्या लागल्या. अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांनी खूप वेळ फोटो बघितला. मग बोटाने कठडा मोजला, दांडा दांडा. नोटिशीबरोबर जोडलेल्या आत्ताच्या माडीच्या फोटोशी ताडून बघितलं. मी बोलायला तोंड उघडलं, काकांनी पाय दाबला.

"हे वर कोण आहेत, वाकलेले?" बाईंनी विचारलं.

आंटींनी नऊच्या नऊ जणांची ओळख करून दिली. कोण कुणाचा, कोण कुठे गेला, कुणाला त्या दिवशी उलटी झाली. बाई हसल्या. म्हणाल्या, मूळ फोटो आला की दाखवायला आणा, तोवर नोंद करून घेते. नाताळात सिस्टर स्वतः घेऊन आल्या. जानेवारीत दुरुस्तीचा कागद मिळाला. सुतार आता रोज येतो. त्याच्या भुशात मांजर लोळते आणि आंटी तिला तिथून हाकलतात.

डबा आम्ही ठेवला. मी दादाला लेखी अभिप्राय दिला, तो इथे देते, कारण घ्यायचा विचार करणारे बरेच जण मला विचारतात. डबा चांगला आहे. घराला, छोट्या कारखान्याला, समितीला पुरेसा. आवाज करतो, ऊब देतो, वीज फार खात नाही. डिस्क मेली तर काम थांबू देत नाही, आणि हे काही लहान काम नाही. पण तो प्रत ठेवणारा नाही. प्रत माणसाने ठेवायची असते, वेगळ्या छपराखाली. कचरापेटी आता चालू आहे, महिनाभराची. आंटींना बघता येतं, टाकता येतं. काढता येत नाही. मुख्य किल्ली काकांकडे. समितीत साहेब नको हा माझा आग्रह अजून तसाच आहे, पण राखण करणारा आणि साहेब यांत फरक असतो, हे मी रजिस्टरवर सही करताना शिकले. शनिवारी साडेचारला बटण दाबायचं काम पाळीपाळीने असतं. माझी पाळी आली की काका घड्याळाकडे बघत उभे राहतात.

आता तुमच्याकडे वळते. तुमच्या घरात डबा असेल, डिस्क असेल, नाहीतर नुसता मोबाईल असेल. "सगळं सेफ आहे," असं तुम्हीही कुणाला तरी सांगितलं असणार, बहुतेक जेवता जेवता. ही विनंती नाही. ही मागणी आहे. आज, हे वाचून उठल्यावर, तुमच्या साठवणीतला एक फोटो निवडा. फार लाडका नको, पण गेला तर चुटपुट लागेल असा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला शेजारी बसवा. त्यांच्यासमोर तो फोटो काढून टाका. आणि मग त्यांच्यासमोरच तो परत आणून दाखवा. आणता आला, तर बरं. नाही आला, तर त्यांची माफी मागा आणि उद्या संध्याकाळच्या आत दुसरी प्रत दुसऱ्याच्या घरी पोचवा.